अर्ध्या पगाराची नोकरी

३१ मे हा महाराष्ट्रात निरोप समारंभांचा दिवस. कोडोलीसारख्या मोठ्या गावात त्या दिवशी एकेकाला दोन-तीन ठिकाणी शाल-श्रीफळ घेऊन हजर व्हावं लागतं. कारण उघड आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की जन्मतारीख कुणालाच सांगता यायची नाही. मास्तर अंदाजानं वय धरायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. नियम असा, की ज्या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच. म्हणून १ जूनवाली सगळी मंडळी ३१ मेला पेन्शनीत निघतात.

मास्तरांच्या त्या तारखेची किंमत मोजता येते. राज्य सरकारी नोकरांची वेतनवाढ १ जुलैला लागते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्याचं वर्ष पुरं भरलेलं असतं, वाढ मात्र दुसऱ्या दिवशी. कर्नाटकातल्या वीज कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये अशांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानंही ३० जूनवाल्यांना पेन्शनपुरती ती वाढ देऊ केली. ३१ मेवाल्याचे अकराच महिने भरतात, त्याला काही नाही. मूळ वेतन ८० हजार असेल तर तीन टक्क्यांची वाढ २,४०० रुपयांची. म्हणजे पेन्शनीत १,२०० आणि वर महागाई भत्ता, तोही जन्मभर.

असो. ३१ मेला निघणाऱ्याच्या हातात काही नसतं. तारीख आली, फेटा बांधला, निघाला. खरी पंचाईत ज्याला थांबताही येतं आणि जाताही येतं त्याची, आणि सध्या हे त्रांगडं सगळ्यात जास्त प्राथमिक शिक्षकांच्या घरात आहे.

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, म्हणजे टीईटीबद्दल निकाल दिला. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरलाय त्यांनी परीक्षेविना नोकरी पुरी करावी; त्यांना फक्त बढती मिळणार नाही. पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी; सेवा पुरेशी झाली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील. ही परीक्षा आली २०१० नंतर. तेव्हा समजा, पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत १९९५ च्या सुमारास डीएड करून लागलेले, आज त्रेपन्नाव्या वर्षात असलेले एक गुरुजी आहेत. तीस वर्षं वर्ग सांभाळला, जनगणना केली, मतदार याद्या केल्या, खिचडीचा तांदूळ मोजला. आता त्यांना दीडशे प्रश्नांच्या पेपरात नव्वद गुण आणायचे आहेत, तेही स्वतःच्या माजी विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून.

त्यांना दुसरी वाट आहे. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी. वीस वर्षांवर ती पूर्ण निम्मी मिळते. तीस वर्षं केली म्हणून टक्का वाढत नाही.

इथं एक हिशेब बहुतेक जण मांडतच नाहीत. गुरुजींचं मूळ वेतन ८० हजार. घरी बसले तर ४० हजार पेन्शन. महागाई भत्ता दोन्हीवर त्याच दरानं. म्हणजे रोज सकाळी गाडीला किक मारून शाळेत जातात ते पूर्ण पगारासाठी नव्हे. अर्धा तर अंथरुणात पडून राहिले तरी मिळणार आहे. वीस वर्षं भरली त्या दिवसापासून माणूस अर्ध्या पगारावर नोकरी करत असतो, आणि हे त्याला कुणी सांगत नाही, कारण पगारपत्रकावर आकडा पुराच दिसतो.

उलट बाजूही मांडायला हवी. पाच वर्षं थांबले तर दरसाल तीन टक्के धरून मूळ वेतन ९२ हजारांच्या पुढं जातं आणि पेन्शन ४० ऐवजी ४६ हजारांवर बसते. ते सहा हजार मरेपर्यंत, आणि मागं राहणाऱ्या बायकोच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही त्याचा वाटा. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा राज्यानं १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख केली आहे, पण सेवेचा हिशेब साडेसोळा पगारांना थांबतो. काही जण आठव्या वेतन आयोगासाठी अडून बसतात. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासूनचा होता, राज्यात हातात पडला २०१९ मध्ये, आणि जुन्या पेन्शनरांचीही पेन्शन त्यात सुधारली. केवळ त्यासाठी बसून राहण्यात मला शहाणपण दिसत नाही. जायचंच असेल तर तारीख जुलैनंतरची टाकावी, म्हणजे त्या सालची वाढ पदरात पडते. एवढी खबरदारी पुरे.

माझं मत विचाराल तर गुरुजींनी परीक्षेला बसावं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि अभ्यास अगदी परका नाही. अडतं ते लाजेपाशी. 'नापास झालो तर गावात तोंड कसं दाखवू' ही भीती नव्वद गुणांपेक्षा जड असते. मात्र वर्गात पाय ठेवायलाच जीव नको म्हणत असेल तर अर्ध्या पगारासाठी पाच वर्षं कुढत काढू नयेत. त्यात पोरांचंही नुकसान आहे.

गुरुजींची ही चैन वारणेच्या साखर कारखान्यातल्या कामगाराला नाही. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या या कारखान्याचं गाळप १९५९ मध्ये सुरू झालं आणि कोडोलीतल्या कितीतरी घरांत एक भाऊ शाळेत, दुसरा कारखान्यात अशी वाटणी झाली. कारखान्यातल्या भावाची पेन्शन म्हणजे भविष्य निर्वाह निधीची १९९५ ची योजना. सूत्र सोपं दिसतं: पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले सत्तर. पण पगार कितीही असो, धरायचा जास्तीत जास्त १५ हजार. आणि १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० च. १९९५ च्या अखेरीस लागून २०२५ मध्ये अठ्ठावन्न झालेल्याचा हिशेब केला तर आधीच्या एकोणीस वर्षांचे साडेसतराशे, नंतरच्या अकरा वर्षांचे साडेतेवीसशे, आणि वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणाऱ्या दोन जादा वर्षांचे चारशे. सगळे मिळून साडेचार हजारांच्या आतबाहेर. महागाई भत्ता नाही. शाळेतल्या भावाचा नुसता भत्ता याच्या कितीतरी पट होतो.

या योजनेत हंगामी कामगाराच्या फायद्याची एक गोष्ट आहे, ती कित्येकांना माहीत नसते. हंगामी आस्थापनेत वर्षातून चारच महिने काम केलं असलं तरी पेन्शनच्या सेवेत ते पूर्ण वर्ष धरतात. पेन्शनला दहा वर्षं लागतात. 'आमचे काय महिनेच भरत नाहीत' म्हणून जो फंड काढून मोकळा होतो तो हक्काच्या पेन्शनीवर पाणी सोडतो.

अठ्ठावन्नला या कामगारालाही एक प्रश्न विचारला जातो: पेन्शन आता घेणार की साठाव्या वर्षी? थांबलात तर वर्षाला चार टक्के वाढ. ऐकायला बरं वाटतं. साडेचार हजारांवर दोन वर्षांची वाढ होते महिन्याला साडेतीनशेच्या वर थोडी. त्यासाठी चोवीस महिन्यांचे एक लाख आठ हजार सोडायचे. ते भरून यायला चोवीसहून जास्त वर्षं लागतात, म्हणजे चौऱ्याऐंशी उलटल्यावर फायदा सुरू. थांबलेल्या दोन वर्षांत वर्गणी चालू ठेवली तर सेवा थोडी वाढते, पण गणित फारसं पालटत नाही. पेन्शन अठ्ठावन्नलाच सुरू करावी. काम मिळत असेल तर तेही करावं. या योजनेत दोन्ही एकदम चालतं.

निवृत्तीची वयं एका ओळीत लावून पाहिली की गंमत वाटते, मग वाटेनाशी होते. राज्य सरकारचा सचिव पातळीवरचा राज्य सेवेतला अधिकारी अठ्ठावन्नला घरी, त्याच्या दारातला शिपाई साठला. महाविद्यालयातला प्राध्यापक साठ. अंगणवाडी सेविका आणि ग्रामीण डाक सेवक पासष्ट. जितकं मागं काही उरत नाही, तितकं जास्त राबायची मुभा. आणि रानातला माणूस? त्याला वयच नाही. एका मुदतीच्या आमदारकीवर महिना पन्नास हजार पेन्शन देणाऱ्या राज्यात पंचाहत्तरीचे आबा ऊस तुटून जाईपर्यंत बांधावर असतात.

या आबांची निवृत्ती सेवापुस्तकात नसते, ती ऊस नोंदीत असते. कारखान्याकडं उसाची नोंद कुणाच्या नावानं, शेअर कुणाचा, बिल कुणाच्या खात्यावर, सवलतीची साखर कोण आणतो, यावरून घरात कारभार कुणाचा ते कळतं. नोंद पोराच्या नावावर गेली की आबा निवृत्त झाले.

आपले गुरुजी नोकरी सोडू म्हणतात तेव्हा खरं तर ते या नोंदीच्या दिशेनं चाललेले असतात. 'रिटायर झालो की रान बघतो' हे वाक्य इकडं सर्रास ऐकू येतं. पण ते रान तीस वर्षं धाकट्या भावानं कसलंय. पाणी पाळीला रात्री तो उठला, सोसायटीचं कर्ज त्यानं फिरवलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत, घामात मात्र एकाचाच हिशेब. दादा पगारदार होते तोवर त्यांना वर्षाची दोन पोती तांदूळ आणि गूळ पोचत होता आणि कुणाची तक्रार नव्हती. आता दादा रोज सकाळी मोकळे. 'लागवडीला हेच बी कशाला?' इथून सुरुवात होते आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडं वाटपाच्या अर्जापर्यंत जाते. गावातल्या बऱ्याच वाटण्या बापाच्या मरणानंतर नव्हे, थोरल्याच्या निवृत्तीनंतर निघतात, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलंय.

बायकोला विचारा, सगळेच सांगतात. ती गुरुजींना दिवसभर स्वयंपाकघरात सूचना देताना सहन करेल का हा प्रश्न आहेच. पण कोडोलीत मी आधी धाकट्या भावाला विचारायला सांगेन. रानात नेमकं काय बघणार, किती वाटा घेणार, का नुसती फेरी मारणार, हे मोकळेपणानं बोलून घ्यावं. आणि ते नोटीस देण्याआधी, कारण स्वेच्छानिवृत्तीची नोटीस एकदा गेली की वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय मागं घेता येत नाही, आणि मागं घ्यायची विनंतीही निवृत्तीची तारीख उजाडण्यापूर्वीच करावी लागते.