नडगीचे दुखणे आणि धावण्याचा बूट

पोलीस भरती जाहीर झाली की परभणीच्या वसमत रस्त्यावर पहाटेच्या अंधारात पावले वाजू लागतात. मुलांस १६०० मीटर, मुलींस ८०० मीटर. वेळ जितका कमी, तितके गुण अधिक. चार महिने न धावलेला मुलगा एकदम रोज डांबरावर धावतो आणि पंधरवड्यात नडगीची आतली कड ठणकू लागते. मग दोष बुटाचा ठरतो, आणि घरचे उसनवारी करून महागडा जोड आणतात.

आम्हांस हे पटत नाही. अमेरिकेच्या सैन्यात नव्या जवानांस तळव्याची कमान पाहून बूट देऊन पाहिले. दुखापती कमी झाल्या नाहीत. हाडावरचा ताण त्याच्या सोसण्यापेक्षा लवकर वाढतो, हे दुखण्याचे मूळ. अंतर हळूहळू वाढवावे, अधूनमधून मातीवर धावावे. पावसाळ्यातली आपली काळी माती मात्र सोडून!

बूट संध्याकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, मोजे घालून पाहावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चार पावले धावून जो सुखाचा वाटेल तो घ्यावा. तो महागच असतो असे नाही. मात्र बोटाने दाबताच एकाच जागी कळ येत असेल, किंवा बसल्याजागीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांस दाखवावे, भरती आठवड्यावर आली असली तरी.