उड्डाणकाल द्रव्यमान वर्णपटमापक

आयनांना (विद्युत् भारित अणूंना वा रेणूंना) ठराविक अंतर कापण्यास लागणाऱ्या काळावरून त्यांचे द्रव्यमान ठरविणारे उपकरण. चुंबकीय प्रकारच्या द्रव्यमान वर्णपटमापकात आयनांचा मार्ग वाकवितात. येथे केवळ काळ मोजतात. ही कल्पना डब्ल्यू. ई. स्टीफेन्स यांनी १९४६ मध्ये मांडली.

निर्वात नळीच्या एका टोकाशी वायूवर इलेक्ट्रॉनांचा वा लेसर किरणांचा क्षणिक झोत टाकून आयन निर्माण करतात व विद्युत् क्षेत्राने त्यांना एकाच वेळी पुढे ढकलतात. समान विद्युत् भाराच्या सर्व आयनांना जवळजवळ सारखीच गतिज ऊर्जा मिळते. त्यामुळे जड आयन मागे पडतात. लागणारा काळ द्रव्यमानाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात असतो. २,००० व्होल्ट दाबाने प्रवेगित झालेला नायट्रोजनाचा एकभारित रेणू (द्रव्यमानांक २८) १ मी. अंतर सु. ८·५ मायक्रोसेकंदांत कापतो, ऑक्सिजनाचा (३२) सु. ९·१ मायक्रोसेकंदांत. हे दोन सहज वेगळे ओळखता येतात. मात्र कार्बन मोनॉक्साइडाचाही द्रव्यमानांक २८ च असून त्याचा आयन नायट्रोजनाच्या आयनापेक्षा जेमतेम १·७ नॅनोसेकंद (१ नॅनोसेकंद = १०⁻⁹ सेकंद) आधी पोहोचतो.

इतका सूक्ष्म भेद टिपताना मुख्य अडचण येते ती शर्यतीच्या प्रारंभी. सर्व आयन एकाच रेषेवरून निघत नाहीत आणि स्थिरही नसतात. डब्ल्यू. सी. वायली व आय. एच. मॅक्‌लॅरेन यांनी १९५५ मध्ये प्रवेगक क्षेत्राचे दोन टप्पे केले. मागून निघालेल्या आयनाला अधिक ऊर्जा मिळून तो पुढच्याला ज्या जागी गाठतो, तेथेच अभिज्ञातक (आयनांची नोंद करणारे साधन) ठेवतात. पुढे बी. ए. मामिरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये विद्युत् परावर्तक वर्णिला. त्यात अधिक वेगवान आयन विरोधी क्षेत्रात अधिक खोल शिरून परततो व त्याची आघाडी नाहीशी होते. तथापि विरुद्ध दिशांना सारख्याच वेगाने निघालेल्या दोन आयनांची ऊर्जा समान असल्याने परावर्तकाचा त्यांच्यापुढे इलाज चालत नाही. उलट तोंड असलेल्या आयनाला वळण्यात गेलेला वेळ भरून काढता येत नाही.

द्रव्यमान मोजणाऱ्यास नकोसा असलेला हा प्रारंभिक वेगच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोजमापाचा विषय झाला. इलेक्ट्रॉन चिकटल्याने रेणू फुटतो तेव्हा त्याचे ऋण आयन कोणत्या दिशेस व किती वेगाने उडतात, हे रेणू कसा फुटला ते सांगतात. डी. नंदी, व्ही. एस. प्रभुदेसाई, ई. कृष्णकुमार व ए. चॅटर्जी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत आयनांचा गोलाकार पुंज काही काळ प्रसरू देऊन मग ओढून घेतात. अभिज्ञातक अत्यल्प काळ चालू ठेवून त्या पुंजाचा मधला काप तेवढा टिपतात. कापातील आयनांच्या स्थानांवरून वेग व दिशा कळतात. हायड्रोजनाच्या रेणूतील दोन्ही अणू सारखेच असल्याने त्याचे ऋण आयन इलेक्ट्रॉन झोताच्या पुढे व मागे सारख्याच संख्येने जावेत अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सु. १४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांसाठी ही संख्या असमान आढळली. एन. जे. मेसन यांच्यासह केलेले हे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.