व्हिडिओ खेळांतील नायिका

संगणकाच्या वा दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांत ज्या स्त्रीपात्राभोवती कथानक गुंफलेले असते आणि जिच्या हालचालींचे नियंत्रण खेळाडूकडे असते, ती त्या खेळाची नायिका होय. कादंबरी वा चित्रपट यांतील नायिकेहून ती एका बाबतीत भिन्न आहे. वाचक वा प्रेक्षक नायिकेची कृती पाहतो. खेळाडू मात्र नायिकेच्या द्वारा स्वतः कृती करतो. म्हणून नायिका ही केवळ पाहण्याचा विषय आहे, की कृती करणारी व्यक्ती आहे, हा या माध्यमातील स्त्रीचित्रणाचा मुख्य प्रश्न ठरतो.

आरंभीचा काळ : प्रारंभीच्या खेळांत स्त्री ही बहुधा नायकाने गाठावयाचे उद्दिष्ट असे. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या डाँकी काँग (१९८१) या खेळात वानराने पळवून नेलेल्या तरुणीची सुटका नायक करतो. मिस पॅक-मॅन (१९८२) या खेळात खेळाडूच्या हाती स्त्रीपात्र आले; परंतु मूळच्या पिवळ्या वर्तुळाकृतीला केसांची फीत व ओठांची लाली जोडूनच ते सिद्ध झाले होते. मेट्रॉइड (१९८६) या खेळातील चिलखतधारी सॅमस अ‍ॅरन ही स्त्री असल्याचे खेळाच्या अखेरीस उघड होते. मात्र खेळ जितक्या कमी वेळात पूर्ण होई, तितक्या कमी वस्त्रांत ती दाखविली जाई. खेळभर लढणारी नायिका अखेरीस खेळाडूचे बक्षीस बने. अमेरिकन रचनाकार रॉबर्टा विल्यम्स यांच्या किंग्ज क्वेस्ट ४ (१९८८) या खेळात याच्या उलट राजकन्या रोझेला आजारी पित्याला वाचविण्यासाठी जादूचे फळ आणण्यास निघते.

लारा क्रॉफ्ट : इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेने निर्मिलेल्या टूम रेडर (१९९६) या खेळातील ही पुराणवस्तुशोधक जगभर गाजली. ती धाडसी व स्वावलंबी असली, तरी तिच्या शरीररचनेतील अतिशयोक्ती व जाहिरातींचा रोख यांवर टीका झाली. २०१३ च्या नव्या आवृत्तीत तिचे रूप अधिक वास्तव करण्यात आले. या आवृत्तीच्या लेखनाची मुख्य जबाबदारी रिआना प्रॅचेट या लेखिकेकडे होती.

पुरस्कारप्राप्त खेळ : पोर्टल (२००७) या कूटप्रश्नांच्या खेळाला २००८ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट खेळाचा मान मिळाला. यात खेळाडू सर्व काही शेल या नायिकेच्या डोळ्यांनी पाहतो. ती स्वतः क्वचितच दिसते. लाइफ इज स्ट्रेंज (२०१५) या फ्रेंच खेळाला कथेसाठी ब्रिटिश अकादमीचा (बाफ्टा) पुरस्कार मिळाला. नायिकेऐवजी नायक घ्यावा, असे काही प्रकाशकांनी सुचविल्याचे त्याच्या निर्मात्यांनी सांगितले आहे. हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस (२०१७) या खेळास २०१८ मध्ये बाफ्टाचे पाच पुरस्कार लाभले. त्याची नायिका सेनुआ हिला सतत भास होतात व आवाज ऐकू येतात. निर्मात्यांनी मनोविकारतज्ञांचा व अशा अनुभवांतून गेलेल्या व्यक्तींचा सल्ला घेतला होता. सेनुआची भूमिका मेलिना युर्गेन्स यांनी केली. त्या मूळच्या त्याच संस्थेतील चित्रफीत-संपादक होत.

अमेरिकेत २०१४ पासून दिल्या जाणाऱ्या गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांत मात्र वेगळे चित्र आढळते. २०१४ ते २०२४ या काळातील अकरा सर्वोत्कृष्ट खेळांपैकी कथानक प्रामुख्याने पूर्वनिश्चित नायिकांवर उभारलेला खेळ एकच, तो म्हणजे द लास्ट ऑफ अस : भाग २ (२०२०). इट टेक्स टू (२०२१) या खेळात पती व पत्नी यांना समान स्थान आहे, तर एल्डन रिंग (२०२२) यासारख्या खेळांत पात्र स्त्री असावे की पुरुष, हे खेळाडूच ठरवितो. अशी निवड स्वागतार्ह असली, तरी तेथे कथानक बहुधा दोघांनाही लागू पडेल असेच रचावे लागते. स्त्री म्हणून येणाऱ्या विशिष्ट अनुभवास त्यात थोडाच वाव राहतो.

द लास्ट ऑफ अस : भाग २ मध्ये सूडाने पेटलेली एली आणि जिच्यावर तो सूड उगवावयाचा ती अ‍ॅबी या दोघींच्याही भूमिकेत खेळाडूला शिरावे लागते. अ‍ॅबीचे पिळदार शरीर व तिची कृत्ये काही खेळाडूंना रुचली नाहीत. या भूमिकेसाठी २०२१ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळविणाऱ्या लॉरा बेली यांना त्यापूर्वी जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या होत्या. नायिका आकर्षक वा आदर्शच असावी, ही अपेक्षा किती दृढ आहे, हे यावरून दिसते.

भारतीय प्रयत्न : पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) या खेळाची नायिका खेळ करून दाखविणारी एक मुलगी आहे. असुरांनी पळविलेला धाकटा भाऊ गोलू याला सोडविण्यासाठी ती दुर्गेच्या कृपेने मिळालेल्या शस्त्रांनिशी लढते. गेम अवॉर्ड्समध्ये २०२० साली या खेळास नवोदित संस्थांच्या गटात नामांकन मिळाले. डाँकी काँगमधील तरुणीप्रमाणे सुटकेची वाट पाहणारी स्त्री येथे नाही. सुटका करणारी स्त्री आहे.