अनुभव वहीत होता

गटात फिरताना अलीकडे ऊसनोंदीइतकाच आणखी एक प्रश्न कानावर येतो. "साहेब, पोरगं बी.कॉम.ला आहे, कुठं तरी अकाउंटला चिकटवा की!" पोरगं कुठं चिकटत नाही, कारण जो तो अनुभव मागतो. काम केल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय काम नाही, असे हे कोडे आहे. त्याचे उत्तर मला गेल्या वर्षी मुरब्याला सापडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

मुरबे हे पालघर तालुक्यातले खाडीकाठचे मासेमारीचे गाव. खाडीपलीकडे सातपाटी आणि अलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. भावोजींची स्वतःची बोट आहे. भाची तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एप्रिलअखेर मी गेलो, तर घरात सगळे गप्प. मुंबईच्या वित्त कंपन्यांत उन्हाळी इंटर्नशिप मिळावी म्हणून भाचीने पंचवीस-तीस ठिकाणी अर्ज केले होते. एकाचेही उत्तर नाही. त्यात कुणीतरी फोनवर "नोंदणी फी भरा, जागा पक्की" असे सांगितले. बहिणीने सुके बोंबील विकून जमवलेले चार हजार रुपये गेले आणि फोनही बंद झाला. भावोजी म्हणाले, "पुरे झालं शिक्षण." पोर डोळे पुसत म्हणाली, "मामा, माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नाही."

संध्याकाळी भावोजी डिझेलचा हिशेब विचारू लागले, तशी पोरीने फळीवरून एक लांबट वही काढली. मी ती चाळली आणि थक्क झालो. दहावीपासून बोटीचा सारा हिशेब तीच लिहीत होती. प्रत्येक फेरीची मासळीची विक्री, त्यातून डिझेल, बर्फ, शिधा आणि जाळ्याची दुरुस्ती वजा, मग उरलेल्या रकमेचे बोटीचे, तांडेलाचे, खलाशांचे वाटे. कुणाला किती उचल दिली, किती फिटली, सोसायटीमार्फत येणारा डिझेलवरच्या कराचा परतावा किती यायचा राहिला, सगळे तारीखवार. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घर कसे चालवायचे, याचा अंदाजही शेवटच्या पानावर मांडलेला. मी म्हटले, "अगं, हाच अनुभव! याला कॉलेजात कॅश फ्लो म्हणतात ना?"

त्या रात्री आम्ही तिचा अर्ज नव्याने लिहिला, एकच पान. 'मेहनती', 'होतकरू' असले शब्द काढून टाकले आणि त्या जागी काय केले ते घातले. किती वर्षे हिशेब ठेवला, किती माणसांचे वाटे काढले, एक्सेल आणि टॅली किती येते, आणि कोणत्या तारखेपासून किती दिवस येऊ शकते.

आता अर्ज कुठे द्यायचा? मुंबईचा हट्ट सोडून बोईसरला जायचे ठरवले. जिथे कारखाने तिथे बिले, पगारपत्रके आणि जीएसटी आलेच, आणि ते काम करणारी चार्टर्ड अकाउंटंटांची लहान कार्यालयेही आली. वेळही साधली. पगारदारांच्या आयकर विवरणपत्रांची नेहमीची मुदत ३१ जुलै, तेव्हा मे महिन्यापासून तिथे माणूस लागतो. आपण हंगामाआधी तोडणी टोळ्यांचे करार करतो, तसेच हे. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास मात्र कुणाला बोलायला सवड नसते, ते दिवस टाळले.

भाची एकटीच गेली. दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी साहेबांनी वही पाहिली आणि एका दुकानाची रोखवही व बँकेचे स्टेटमेंट पुढे टाकून म्हणाले, "मेळ घाल." तासाभराने तिने फरक दाखवला. एक चेक दिलेला होता, पण वटलेला नव्हता, आणि बँकेने कापलेले शुल्क वहीत चढले नव्हते. मग साहेबांनी जीएसटीच्या इनपुट क्रेडिटचे विचारले. ती सरळ म्हणाली, "पुस्तकात वाचलंय सर, पण केलेलं नाही. शिकवलंत तर करीन." दुसऱ्या दिवशी तिला बोलावले.

दोन महिने जाण्यायेण्याचे भाडे तेवढे मिळाले. बिले लावणे, टॅलीत नोंदी करणे, विवरणपत्राचे कागद गोळा करणे, असली कामे. ही सी.ए.ची आर्टिकलशिप नव्हे, हेही सांगून ठेवतो. त्यासाठी इंटरमीजिएट परीक्षा पास व्हावी लागते, आणि २०२३ च्या नव्या योजनेपासून तिची मुदत तीनऐवजी दोन वर्षे झाली आहे. पण शेवटी हातात प्रमाणपत्र आले, आणि सप्टेंबरात ऑडिटच्या गर्दीत त्याच कार्यालयाने तिला थोडे मानधन देऊन पुन्हा बोलावले. भावोजी आता शिक्षणाबद्दल काही बोलत नाहीत.

पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. काम देणारा पैसे मागत नाही. जो मागतो त्याच्याकडे काम नसते.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या दाराची. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याच्या उभारणीत होता. सहकारी साखर कारखाना हीच हिशेबाची मोठी शाळा आहे. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाही तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. वजनकाट्यापासून बँकेपर्यंत बिल कसे जाते, सोसायटीची वसुली कशी होते, हे पोरांना कोणत्या पुस्तकात दिसणार? नव्या शैक्षणिक धोरणात अशा कामाला पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान आहे. तरी आजवर आपल्या अकाउंट विभागाने "पोरं कामात अडथळा आणतात" म्हणून विद्यार्थी घेतलेले नाहीत. इतकी वर्षे मीही त्याला मान डोलावली, ही माझी चूक. येत्या हंगामात सभासदांची दोन मुले तरी घ्यावीत, असे लेखी पत्र मी व्यवस्थापनाला दिले आहे. वार्षिक सभेत आपणही हा विषय मांडावा.

तोपर्यंत मुलामुलींना घेऊन गट ऑफिसला या, अर्ज लिहायला मी बसतो. येताना घरची हिशेबाची वही मात्र विसरू नका. दूध डेअरीची असो, ठिबकच्या कर्जाची असो की बचत गटाची.