चाळीतला कांदा आणि अरबी समुद्र

उन्हाळ कांदा चाळीत भरला, की नाशिककराला समुद्राशी काय देणंघेणं? ३ जून २०२० ला ते कळलं. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि रात्री त्याचं उरलंसुरलं अंग नाशिकवर आलं. चाळीवरची ताडपत्री दोऱ्यांना हिसके देऊ लागली.

वादळाचं इंधन म्हणजे ऊब. त्याला समुद्राचं पाणी २६.५ अंशांच्या वर लागतं, आणि तेही पन्नासेक मीटर खोलपर्यंत. या पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता सुटते आणि हवा आणखी जोरात वर चढते. जमिनीवर आल्यावर वाफेची रसद तुटते. वारा दमतो, पाऊस मात्र उरतो.

वादळाचा मार्ग हल्ली बऱ्यापैकी आधी कळतो. त्याचा जोर एकाएकी किती वाढेल, हे सांगणं अजून अवघडच. उपग्रहाला पाण्याचा वरचा थर दिसतो, खोलातली ऊब थेट दिसत नाही. बंदरावर निदान बावटे चढतात, १ ते ११ नंबरचे. नंबर पाहून होड्या किनाऱ्याला लागतात. लासलगावात असा बावटा नाही. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राचं तापमान आणि लाटांचे अंदाज देते. ताडपत्री बांधण्याआधी मी ते बघतो, घरचे हसतात.