पंधरा माणसांचा फरक

लंडनमध्ये, सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठीच्या एका दवाखान्यात 116 जणांवर निकोटिन गमची चाचणी झाली. निष्कर्ष 1982 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. 58 जणांना खरा गम, 58 जणांना लुटुपुटूचा. कोणाच्या तोंडात कोणता, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. वर्षभरानंतर खऱ्या गमवाले 27 जण सिगारेटविना होते, दुसऱ्या गटातले 12. म्हणजे फरक पंधरा माणसांचा. एवढी माणसं तर एका टेम्पोत मावतात! त्यांच्या भरवशावर जगाला औषध कसं द्यायचं?

म्हणून चाचण्या होत राहिल्या. 2018 च्या कोक्रेन आढाव्यात एकट्या गमच्या 56 चाचण्या एकत्र मोजल्या गेल्या, माणसं 22,581. गर्दी वाढली तसा आकडा मात्र आटला. लंडनमध्ये यश सव्वादोन पट दिसलं होतं, ते आता जेमतेम दीडपट उरलं.

मला त्याचं नवल वाटत नाही. रोज 20 सिगारेटी, एकीचे साधारण 10 झुरके, म्हणजे वर्षाला 73,000 झुरके. प्रत्येक झुरक्याचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. गमचं निकोटिन तोंडाच्या अस्तरातून हळूहळू रक्तात उतरतं. त्याचा भर यायला अर्धा तास लागतो. तलफ थोपवण्यापुरतं ते पुरतं, झुरक्याची मजा काही देत नाही.

पण दीडपटीला हसू नये. गमविना शंभरातले 6 सुटतात असं धरा. गमने 9 सुटतील. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ सुमारे 10 कोटी. सगळ्यांनी एकेकदा प्रयत्न केला, तर शंभरामागच्या त्या जादा तिघांचे होतात 30 लाख. हा कागदावरचा हिशेब, हे खरं. विडीवाल्यांवर चाचण्या फारशा झालेल्याच नाहीत. आणि तंबाखू-गुटखा-मिश्रीवाले जवळपास 20 कोटी आहेत, त्यांना तर हा दीडपटीचा आकडा लावताच येत नाही.

गम घेणार असाल तर सतत चघळू नका. चुणचुण जाणवली की गालात दाबून ठेवा, ती विरली की पुन्हा चावा. आणि एकट्याने जमत नसेल तर 1800-11-2356 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत.