सीमाशुल्काची वाट : सुलभ आणि उघड

मुंबईच्या वेशीवरील जकात नाक्यांपुढे उभ्या राहणाऱ्या मालमोटारींच्या रांगा अनेकांच्या स्मरणात असतील. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ही जकात संपुष्टात आली. देशाच्या वेशीवरील सीमाशुल्क मात्र कायम आहे आणि ते राहणारही आहे. प्रश्न आहे तो त्याची रीत सुटसुटीत करण्याचा.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून युरोपात जातात. हा माल नाशवंत असल्याने कागदपत्रांतील एखाद्या त्रुटीपायी तो अडकला, तर नुकसानीची झळ अखेर बागाईतदारापर्यंत पोहोचते.

१८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. तरीही कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. २०११ पासून शुल्काची आकारणी प्रथम व्यापाऱ्याने स्वतः करावी, असे ठरले. २०१६ मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या परवानग्यांसाठी एक-खिडकी योजना आली. २०२० मध्ये आयात मालाची चेहराविरहित आकारणी सुरू झाली. त्यामुळे एका बंदरावरील कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणचा अधिकारी तपासू शकतो आणि व्यक्तिगत ओळखीपाळखीला वाव उरत नाही. प्रत्येक पेटी उघडण्याऐवजी जोखमीचा माल निवडून तपासला जातो.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार भारताने एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारला. तो २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आला. नियम प्रसिद्ध करावेत, माल पोहोचण्यापूर्वीच कागदपत्रे स्वीकारावीत आणि निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय असावी, ही त्यातील प्रमुख सूत्रे होत. नियम आगाऊ ठाऊक असणे आणि निर्णयाचे कारण कळणे, हाच पारदर्शकतेचा खरा अर्थ आहे.

मात्र सुलभता म्हणजे ढिलाई नव्हे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडली आणि उत्पादकांना मोठा फटका बसला. सीमेवरची वाट कितीही मोकळी असली, तरी बागेतील फवारणीची नोंद चोख ठेवावीच लागते.

ही सुधारणा केवळ बड्या व्यापाऱ्यांसाठी नाही. २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रांमार्फत टपालाने परदेशी माल पाठविण्याची सोय झाली आहे. गावातील कारागीर वा महिला बचत गट परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घेऊन तिचा लाभ घेऊ शकतात. ही माहिती ग्रामसभेत वाचून दाखविणे आणि अर्ज भरण्यास साहाय्य करणे हे काम पंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतील. नियम कागदावर कितीही सोपे झाले, तरी ते ज्याच्यासाठी आहेत त्याला उमगले, तरच ते खऱ्या अर्थाने सोपे ठरतात.